लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर : कबरीवरच्या चुकीच्या नावाची गोष्ट

हैदराबाद आणि विमाने म्हटले की आपल्याला बेगमपेटचा जुना विमानतळ किंवा दुंडिगलची हवाई दल अकादमी आठवते. पण हे नाते त्याहून जुने आहे. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी विमानांचा खर्च दिला. त्या विमानांवर निजामांची भेट असल्याचे लिहिलेले असे. १९१८ च्या ऑगस्टअखेरीस ही तुकडी फ्रान्सला पोहोचली आणि तिचे नाव पडले हैदराबाद स्क्वाड्रन. आपल्या शहरात विवेकवर्धिनी शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती.

हैदराबादच्या पैशातून घेतलेली ही विमाने फ्रान्सला पोहोचण्याच्या दोन महिने आधी त्याच फ्रान्सच्या आकाशात एक मराठी तरुण लढता लढता पडला होता. त्यांचे नाव लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणाऱ्या चार भारतीयांपैकी ते एक. विमानविद्येच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण आपल्या घराघरांत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. त्यांच्या आयुष्याइतकीच त्यांच्या मृत्यूनंतरची हकिगत महत्त्वाची आहे. ते कुठे पुरले गेले हे युद्ध संपल्यावरही बराच काळ घरी कळले नव्हते, आणि कबर सापडली तेव्हा तिच्यावर नाव भलतेच होते.

मुंबई ते केंब्रिज

श्रीकृष्ण यांचा जन्म १८९४ साली मुंबईत झाला. वेलिंग हे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले गाव, तिथल्या लक्ष्मीनृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित. वेलिंगकर म्हणजे वेलिंगचे. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागले की आडनाव तयार होते. पुढच्या हकिगतीत या 'कर'ला महत्त्व आहे, म्हणून एवढा उल्लेख केला. इंग्रजी कागदपत्रांत मात्र या आडनावातला 'ग' गळला आणि लष्करी दप्तरात ते 'वेलिनकर' म्हणून नोंदले गेले.

त्या काळच्या सुशिक्षित घरांतली हुशार मुले उच्च शिक्षणासाठी विलायतेला जात, तसे श्रीकृष्णही गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९१४ साली युद्ध पेटले आणि विद्यापीठांतले वर्ग ओस पडू लागले. बरोबरीची इंग्रज मुले एकामागून एक लष्करात दाखल होत होती. भारतीय विद्यार्थ्यांपुढे मात्र अडचण होती. सैन्यात शिपाई म्हणून लाखो भारतीय लढत होते, पण राजाच्या सनदेचा पूर्ण अधिकारी होण्याची वाट, लष्करी डॉक्टर सोडले तर, त्यांना जवळजवळ बंदच होती.

ही वाट हवाई दलात थोडी उघडली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हरदितसिंग मलिक आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवत होते. आपण फ्रेंच हवाई दलात जावे असा विचार त्यांनी केला. ब्रिटिश प्रजाजनाला फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाही, ही गोष्ट त्यांच्या प्राध्यापकांना लाजिरवाणी वाटली. त्यांनी वरपर्यंत शब्द टाकला आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये मलिक रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी या दलात आले कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरल सेन, आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर.

डोके पंखाबाहेर काढून बसायचे विमान

त्या वेळची विमाने लाकडी सांगाडा, वर ताणून बसवलेले कापड आणि तारा यांची असत. प्रशिक्षणातच कितीतरी तरुण दगावत. हवेत बंद पडलेल्या विमानातून उडी मारायला पॅराशूट नव्हते. ब्रिटिश वैमानिकांना ते युद्ध संपेपर्यंत मिळालेच नाही.

वेलिंगकरांची नेमणूक २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. १९१८ च्या वसंतात या तुकडीला सॉपविथ डॉल्फिन ही नवी विमाने मिळाली. तिचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे बसवलेला असे आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखातल्या मोकळ्या जागेतून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश छान दिसे आणि उंचीवर हे विमान चांगले चाले. पण उतरताना ते उलटले तर सगळा भार वैमानिकाच्या डोक्यावर येण्याची भीती असे. अशा विमानात तेवीस वर्षांचे वेलिंगकर रोज शत्रूच्या हद्दीवर गस्त घालत होते.

युद्धाचा तो फार नाजूक काळ होता. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी मोठी चढाई सुरू केली. त्यांचे सैन्य आमियां शहराच्या दाराशी येऊन थबकले होते. आमियां पडले असते तर ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांतला दुवा तुटला असता. त्यामुळे त्या भागातल्या आकाशावर दोन्ही बाजूंचा डोळा होता.

२७ जून १९१८

या दिवशी वेलिंगकर गस्तीवर निघाले आणि परत आले नाहीत. तुकडीच्या दप्तरात नोंद झाली : बेपत्ता.

'बेपत्ता' हा शब्द घरच्यांसाठी 'मृत' या शब्दापेक्षा कठीण असतो. माणूस गेला म्हटले की सुतक पाळता येते, दिवस करता येतात, श्राद्धाची तिथी ठरते. बेपत्ता म्हटले की यातले काहीच करता येत नाही. शिवाय आशा सुटत नाही. एरल सेन १९१७ च्या सप्टेंबरात असेच बेपत्ता झाले होते आणि नंतर जर्मनांच्या कैदेत जिवंत असल्याचे कळले होते. मग आपलाही मुलगा असेल कुठल्यातरी छावणीत, असे मुंबईतल्या घरी वाटले नसेल तरच नवल. त्या काळी मुंबईचे पत्र विलायतेला पोहोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागत आणि उत्तर यायला तितकेच.

युद्ध चालू असतानाही वैमानिकांबद्दलची माहिती दोन वाटांनी पलीकडून येई. दोन्ही बाजूंचे वैमानिक एकमेकांच्या हद्दीवर चिठ्ठी टाकून पडलेल्या शत्रूची खबर देत. दुसरी वाट जिनिव्हाच्या रेडक्रॉसची. तिथे कैद्यांच्या आणि मृतांच्या याद्या येत आणि तिथून त्या त्या देशाला कळवल्या जात. पण या दोन्ही वाटा चालायच्या तर नाव बरोबर लिहिलेले असावे लागे.

वेलिंगकर त्या दिवशी हवेतच गेले नव्हते. ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले होते. तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. जर्मनांनी त्यांचे दफन केले आणि कबरीवर नावही लिहिले. पण ते त्यांचे नाव नव्हते.

मेलेल्यांचा शोध

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, पण उत्तर फ्रान्सची जमीन प्रेतांनी भरलेली होती. १९१७ साली फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाकडे हे काम होते. प्रत्यक्ष शोध घेणाऱ्या लष्करी तुकड्या नकाशावर चौकोन पाडून एकेक चौकोन पायी धुंडाळत. कुठे उभी रोवलेली बंदूक दिसे, कुठे गवताचा रंग वेगळा दिसे, कुठे उंदरांच्या बिळाशी हाड किंवा कापडाचा तुकडा सापडे. तिथे खणले जाई. मिळालेला देह कापडात गुंडाळून जवळच्या मोठ्या स्मशानभूमीत हलवला जाई. ओळख पटवायला गणवेशाची बटणे, खिशातली पत्रे आणि गळ्यातली ओळखीची चकती एवढाच आधार असे.

शत्रूने पुरलेल्यांची ओळख मात्र कागदावरून पटवावी लागे. व्हर्सायच्या तहात यासाठी खास कलमे होती. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या कबरी सांभाळायच्या आणि कैदेत मेलेल्यांच्या पूर्ण याद्या एकमेकांना द्यायच्या, असे त्यात ठरले होते. या याद्या, रुग्णालयांच्या नोंदी, कबरींवरचे लाकडी फलक आणि आपल्या बेपत्तांची यादी, अशी चार बाजूंनी जुळवणी चाले. बँकेत बरीच वर्षे येणी-देणी जुळवलेल्या माणसाला या कामाची कल्पना चटकन येते. हजारो नोंदी जुळतात आणि थोड्या उरतात. त्या उरलेल्यांतच खरा वेळ जातो.

अशाच उरलेल्यांत एक कबर होती. तिच्यावरच्या नोंदीप्रमाणे तिथे कोणी ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर पुरलेले होते. ओबरलॉयटनंट हा जर्मन हुद्दा, म्हणजे वरवर पाहता ही कबर जर्मन अधिकाऱ्याची. कोणी तिच्याकडे पुन्हा पाहिले नसते तर ती जर्मन म्हणूनच राहिली असती, आणि वेलिंगकरांचे नाव ज्यांना कबर नाही अशांच्या भिंतीवर गेले असते.

वेलिंगकरचे वुमकर कसे झाले असेल? त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग जोडअक्षरात, घाईने लिहून पाहा. डब्ल्यू नंतरचे ई, एल, आय आणि एन ही अक्षरे एकमेकांत मिसळली की उभ्या रेघांची एक ओळ दिसते. परक्या भाषेतल्या लेखनिकाला त्यात यू आणि एम दिसणे अगदी शक्य आहे. शेवटचे के, ए, आर तेवढे स्पष्ट राहतात. गावाचे नाव गेले, पण 'कर' तेवढे शिल्लक राहिले. लेफ्टनंटचा हुद्दा, नावाची आद्याक्षरे आणि शेवटचा 'कर' असा मेळ बसणारा बेपत्ता अधिकारी ब्रिटिश हवाई दलाच्या यादीत एकच होता. अशा रीतीने ही कबर श्रीकृष्ण वेलिंगकरांची ठरली.

हांगारची कबर

आज वेलिंगकरांची कबर आमियांच्या आग्नेयेस, हांगार नावाच्या खेड्यातल्या युद्धस्मशानभूमीत आहे. १९१८ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या सैन्याने ती सुरू केली आणि युद्धानंतर आसपासच्या रणभूमीवरचे देह तिथे आणले गेले. तिथे पाचशेहून अधिक सैनिकांची नोंद आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कबरींवर नाव नाही. वेलिंगकरांच्या दगडावर त्यांचे नाव आहे. आजूबाजूचे अनामिक दगड पाहिले की त्या नावाची किंमत कळते.

आपल्या मनात साहजिकच प्रश्न येतो : हिंदू माणसाचे दहन का झाले नाही, अस्थी घरी का आल्या नाहीत? भारतीय सैन्यातले जे हिंदू आणि शीख सैनिक ब्रायटनच्या रुग्णालयांत वारले, त्यांचे दहन तिथल्या टेकडीवर विधिपूर्वक करण्यात आले होते आणि त्या जागी १९२१ साली छत्री उभारली गेली. ती आजही आहे. पण वेलिंगकर ब्रिटिश तुकडीत होते आणि शत्रूच्या हाती असताना गेले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला दफन आले. पुढे देह मायदेशी नेण्यासही मनाई होती. श्रीमंताचा देह घरी जाईल आणि गरिबाचा तिथेच राहील, असा भेद नको म्हणून आयोगाने हा नियम सर्वांना सारखा लावला. लॉर्डाच्या मुलालाही तोच नियम आणि शेतमजुराच्या मुलालाही तोच. दगडही सर्वांना एकाच मापाचा. दगडाच्या तळाशी कुटुंबाला स्वतःच्या शब्दांत ६६ अक्षरांपर्यंत मजकूर कोरून घेता येई. दूरदेशीच्या आईवडिलांना आपल्या मुलासाठी तिथे एवढेच करता येण्यासारखे होते.

या नियमामुळे अनेक घरे दुखावली आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण त्याच आयोगाने कबरी हजारो मैलांवर शंभर वर्षे नीट राखल्या, हेही खरे. सर्वांना मात्र असा न्याय मिळाला नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्यू पावले. त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या सैनिकांना स्वतःची कबर नाही. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल येथे १९२७ साली झालेल्या स्मारकाच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. आरास येथील स्मारकावर ज्यांचा देहच सापडला नाही अशा सुमारे एक हजार हवाई सैनिकांची नावे आहेत. ते स्मारक नवी दिल्लीचा आराखडा करणाऱ्या लट्येन्स यांचे. वेलिंगकर थोडक्यात या भिंतीवर जायचे राहिले.

बाकीचे तिघे

चौघांतले इंद्रलाल रॉय सर्वांत प्रसिद्ध झाले. १९१८ च्या जुलैमध्ये तेरा दिवसांत दहा विजय त्यांच्या नावावर लागले आणि २२ जुलैला ते पडले, वेलिंगकरांनंतर तीन आठवड्यांनी. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. त्यांची कबर फ्रान्समधल्याच एस्तव्हेल गावी आहे. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय. आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आहे. सेन कैदेतून सुटले. मलिक यांच्या पायात दोन गोळ्या घुसल्या होत्या आणि त्या त्यांनी जन्मभर वागवल्या. स्वतंत्र भारताचे कॅनडातले उच्चायुक्त आणि नंतर फ्रान्समधले राजदूत म्हणून त्यांनी काम केले. ज्या देशात दोन सोबती पुरलेले होते, त्याच देशात ते भारताचा झेंडा घेऊन गेले. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

पुन्हा हैदराबाद

निजामांनी दुसऱ्या महायुद्धातही विमानांसाठी पैसा दिला आणि १५२ व २५३ या दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ च्या बोधचिन्हात निजामांची दस्तार आहे. २५३ हैदराबाद स्टेट स्क्वाड्रनमधले कॉलिन फ्रान्सिस हे एकोणीस वर्षांचे वैमानिक ३० ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यावरच्या लढाईत बेपत्ता झाले. तब्बल ४१ वर्षांनी, १९८१ साली, रोथम गावाजवळच्या शेतात त्यांचे हरिकेन विमान खणून काढले गेले, तेव्हा ते अजून त्यातच होते. लष्करी इतमामाने त्यांना लंडनजवळच्या ब्रुकवुड येथे पुरण्यात आले. फ्रान्सिस यांचा देह मातीत हरवला होता आणि वेलिंगकरांचे नाव कागदात हरवले होते. दोघेही सापडले, कारण कोणीतरी जुनी नोंद बंद न करता पुन्हा तपासली.

आज आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले युरोपात शिकतात, नोकरी करतात. पॅरिसहून आमियांला आगगाडीने साधारण सव्वा तासात जाता येते आणि तिथून हांगार सुमारे २० किलोमीटरवर आहे. जाणे जमले नाही तरी युद्धकबर आयोगाची नोंदवही संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. शोधताना आडनावातला 'ग' गाळून इंग्रजीत लिहावे, म्हणजे नोंद सापडते. पहिल्या महायुद्धात घरातले कोणी गेले असेल तर त्यांचे नावही तिथे अवश्य पाहावे, आणि एका स्पेलिंगने मिळाले नाही तर दुसऱ्याने, तिसऱ्याने पाहावे. येत्या ३० जूनला लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकरांचे नाव आपल्या घरी एकदा घेतले जावे, शक्य तर मुलांसमोर, आणि 'ग' सकट पूर्ण घेतले जावे.